पहिली जुनी मसल कार: सांगितलेला भाव आणि खरा भाव

ऑगस्टचा तिसरा शनिवार आला की डेट्रॉइटच्या उत्तरेला वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूच्या दोन्ही कडेला लोक खुर्च्या टाकून बसतात. फर्नडेलपासून पॉन्टिअ‍ॅक शहरापर्यंत जुन्या गाड्यांची रांग लागते. १९९५ पासून चालू असलेली ही इथली वारीच म्हणा. मिशिगनमधल्या आम्हा मराठी मंडळींपैकी दरवर्षी कोणीतरी एक जण तिथून गप्प गप्प घरी येतो, आणि आठवडाभरात त्याचा फोन येतो: "अरे, अडुसष्टची जीटीओ बघितली. बत्तीस हजार डॉलर सांगतोय. बरोबर आहे का?"

याचं उत्तर फोनवर देता येत नाही. एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या, शेजारी शेजारी उभ्या दोन जीटीओ असतात. एकीचा भाव दुसरीच्या दुप्पट असतो, आणि दोन्ही भाव योग्य असू शकतात. फरक कुठे आहे हे शोधायची पद्धत मात्र सांगता येते. उदाहरणं मी बहुतेक ठिकाणी १९६८ च्या पॉन्टिअ‍ॅक कंपनीच्या जीटीओची घेतली आहेत, कारण सध्या माझ्याकडे तीच आहे आणि तिच्या खाणाखुणा मला पाठ आहेत. मस्टँग, कमारो, शेव्हेल, रोडरनर यांतलं काहीही घ्यायचं असलं तरी वाट हीच.

पैसे नेमके कशाचे मोजतोय?

१९६४ मध्ये पॉन्टिअ‍ॅकने आपल्या मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट लेमान्समध्ये मोठ्या गाडीचं ३८९ घनइंची व्ही-८ इंजिन बसवलं, त्या पॅकेजला जीटीओ नाव दिलं आणि त्याचे सुमारे २९६ डॉलर जादा लावले. त्या वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या आणि मग सगळ्याच कंपन्या या धंद्यात उतरल्या. म्हणजे मसल कार जन्मापासूनच 'साधी गाडी अधिक पॅकेज' अशी आहे. बाजारातला सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. जे पॅकेज कारखान्यात बसवलं गेलं, ते साठ वर्षांत कोणीही आपल्या गॅरेजमध्येही बसवू शकतो. बिल्ले, पट्टे, बॉनेट, सगळं नवं बनवून विकायला आहे.

त्यामुळे तुम्ही जादा पैसे मोजता ते इंजिनाचे नव्हेत. 'हे इंजिन या गाडीत कारखान्यातूनच आलं' या गोष्टीचे मोजता. पुरावा असेल तर तिला किंमत, नसेल तर शून्य. विक्रेता खोटारडा आहे असं नाही. बहुतेक वेळा तो प्रामाणिकच असतो आणि त्याला त्याच्या आधीच्या मालकाने जे सांगितलं तेच तो तुम्हाला सांगत असतो.

दोन टोकं बघून ठेवा. प्लिमथ कंपनीच्या १९७१ च्या 'कुडा'च्या, 'हेमी' नावाचं ताकदवान इंजिन असलेल्या उघड्या टपाच्या गाड्या फक्त ११ बनल्या, त्यांतली एक २०१४ मध्ये सिअ‍ॅटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. दुसरीकडे १९६६ मध्ये फोर्डने सहा लाखांहून जास्त मस्टँग विकल्या, आणि त्यांतली सहा सिलिंडरची साधी बंद टपाची गाडी आजही नोकरदाराच्या आवाक्यात असते. (मस्टँगला जाणकार मसल कार म्हणत नाहीत, 'पोनी कार' म्हणतात. या वादात पडू नका, संध्याकाळ जाते.) या दोन टोकांमध्ये भाव ठरवणारी उतरंड साधारण अशी: आधी इंजिन, मग कागदपत्रं, मग बॉडीचा प्रकार आणि गिअरबॉक्स. उघड्या टपाला बंद टपापेक्षा जास्त, चार गिअरच्या मॅन्युअलला ऑटोमॅटिकपेक्षा जास्त. चार दारांची असेल तर भाव बराच खाली. रंगही भावात उतरतो, पण पहिल्या गाडीला तो शेवटी बघावा.

पहिल्यांदाच घेत असाल तर माझं मत सरळ आहे: जास्त बनलेलं मॉडेल, मधलं इंजिन. १९६८ मध्ये ८७ हजारांवर जीटीओ बनल्या. सुटे भाग मिळतात, तुलनेला विकलेल्या गाड्या भरपूर सापडतात, आणि भाव काढताना अंधारात चाचपडावं लागत नाही. दुर्मीळ गाडीचा भाव काढणं हे तज्ज्ञांनाही जड जातं.

आधी दात बघा

सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात बैलाची शिंगं रंगवलेली असतात, पाठीवर झूल असते, पण घेणारा आधी तोंड उघडून दात बघतो. इथे दात म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, ज्याला सगळे 'व्हिन' म्हणतात. आजचा १७ अक्षरांचा एकसारखा व्हिन १९८१ पासून आला. त्याआधी प्रत्येक कंपनीची आपली तऱ्हा होती, त्यामुळे वाचायला शिकावं लागतं. अर्ध्या तासाचं काम आहे, पण हजारो डॉलर वाचवतं.

१९६८ च्या जीटीओचा व्हिन घ्या: २४२३७८पी आणि पुढे सहा आकडे. पहिला २ म्हणजे पॉन्टिअ‍ॅक. पुढचे ४२ म्हणजे जीटीओ. ३७ म्हणजे बंद टप (६७ असेल तर उघडा). ८ म्हणजे १९६८, आणि पी म्हणजे पॉन्टिअ‍ॅक शहरातला कारखाना. हा क्रमांक ड्रायव्हरच्या बाजूला डॅशबोर्डवर असतो आणि काचेतून दिसतो. आता समोरच्या गाडीवर जीटीओचे बिल्ले आहेत, पुढे जीटीओचा तो प्रसिद्ध बॉडीच्याच रंगाचा एंड्युरा बंपर आहे, पण व्हिन २३७ ने सुरू होतोय. मग ती लेमान्स आहे. विषय संपला. छान असेल, चालवायला मजा येईल, पण भाव लेमान्सचा. बंपर हा काही पुरावा नाही, तो बोल्टने निघतो आणि बोल्टने बसतो.

मात्र १९६४ आणि १९६५ मध्ये जीटीओ हे लेमान्सवरचं पॅकेज होतं, त्यामुळे त्या दोन वर्षांत व्हिनवरून काही सिद्ध होत नाही. १९६६ ते १९७१ मध्येच २४२ हा आकडा सापडतो, १९७२ पासून पुन्हा पॅकेज. वर्षागणिक नियम बदलतो, हे लक्षात ठेवा.

शेव्हरोले कंपनीच्या शेव्हेलचंही असंच. १९६६ ते १९६८ च्या एसएस ३९६ चा, म्हणजे तिच्या ताकदवान आवृत्तीचा, व्हिन १३८ ने सुरू होतो. १९६९ पासून एसएस हे पर्यायी पॅकेज झालं आणि व्हिन मुका झाला. म्हणूनच १९७० च्या एसएस ४५४ च्या नकला इतक्या दिसतात, आणि म्हणूनच तिथे कागदाशिवाय मी एक डॉलरही जादा देणार नाही. फोर्ड आणि क्राइस्लर खरेदीदारावर मेहेरबान आहेत, त्यांच्या व्हिनमध्ये इंजिनाचं अक्षरच असतं. १९६५ च्या मस्टँगचा व्हिन ५एफ०९के असा सुरू झाला तर १९६५ साल, डिअरबॉर्न कारखाना, फास्टबॅक (मागे उतरत्या छपराची) बॉडी आणि के म्हणजे २७१ अश्वशक्तीचं २८९ घनइंची इंजिन. के ऐवजी सी असेल तर तेच २८९, पण साधं. एका अक्षरात भाव कितीतरी खाली येतो. १९७० च्या प्लिमथमध्ये पाचवं अक्षर आर असेल तर ४२६ हेमी, व्ही असेल तर तीन कार्ब्युरेटरचं ४४०.

व्हिनची पट्टी स्वतः कशी बसवली आहे तेही बघा. त्या काळातल्या जीएमच्या (जनरल मोटर्स, म्हणजे पॉन्टिअ‍ॅक आणि शेव्हरोलेची मूळ कंपनी) गाड्यांत ती पाकळ्यांसारखं डोकं असलेल्या खास रिव्हेटांनी ठोकलेली असते. साधे गोल रिव्हेट, खरवडल्याच्या खुणा, डिंकाचा डाग असं काही दिसलं तर मी घासाघीस करत नाही, गाडीकडे पाठ फिरवतो. १९६९ च्या कमारोचं अख्खं नवं बॉडी शेल आज विकत मिळतं, त्यामुळे जुना व्हिन नव्या पत्र्यावर चढवलेला असण्याची शक्यता काल्पनिक नाही. व्हिनची पट्टी बदलणं हा गुन्हा आहे, आणि अशी गाडी जप्त झाली तर तुमचे पैसे त्याच दिवशी बुडाले.

इंजिन 'जुळतं' का?

जाहिरातीत 'मॅचिंग नंबर्स' हे शब्द मिठासारखे सगळीकडे टाकलेले असतात. त्याचा अर्थ विचारा. काही जण 'त्याच वर्षाचं, त्याच प्रकारचं इंजिन' एवढ्यालाच हे म्हणतात. खरा अर्थ एकच: याच गाडीत जन्मलेलं इंजिन. १९६८ पासूनच्या पॉन्टिअ‍ॅक इंजिनाच्या ब्लॉकवर, म्हणजे मुख्य ओतीव भागावर, व्हिनचा काही भाग ठोकलेला असतो. तो गाडीच्या व्हिनशी ताडून बघा.

त्याशेजारी दोन गोष्टी. इंजिनाच्या पुढच्या बाजूला दोन अक्षरी कोड असतो. १९६८ च्या जीटीओत डब्ल्यूटी म्हणजे ३५० अश्वशक्तीचं ४०० इंजिन मॅन्युअल गिअरसाठी, वायएस म्हणजे तेच ऑटोमॅटिकसाठी. कागद ऑटोमॅटिक सांगतोय आणि ब्लॉकवर डब्ल्यूटी आहे, तर इंजिन दुसरीकडून आलंय. दुसरी गोष्ट ओतकामाची तारीख. ती ब्लॉकच्या मागच्या बाजूला, डिस्ट्रिब्युटरजवळ असते: ए १५ ८ म्हणजे १५ जानेवारी १९६८. गाडी कधी जुळवली ते फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पडद्यावरच्या) छोट्या पत्र्याच्या पट्टीवर मिळतं. ०३बी म्हणजे मार्चचा दुसरा आठवडा. जानेवारीत ओतलेला ब्लॉक मार्चच्या गाडीत, हे पटतं. मे महिन्यात ओतलेला ब्लॉक मार्चच्या गाडीत कसा असेल? जन्माआधीच बारसं झाल्यासारखं ते.

पॉन्टिअ‍ॅकबाबत एक खोड सांगून ठेवतो. ३२६ पासून ४५५ पर्यंत सगळी व्ही-८ इंजिनं बाहेरून एकाच आकाराची दिसतात. बॉनेट उघडून "हो, चारशे आहे" म्हणणाऱ्या मित्राला चहा पाजा, पण त्याच्या शब्दावर चेक फाडू नका. आणि शेव्हरोलेच्या बाबतीत क्रमांक ठोकायची जी सपाट जागा असते, तिथे कारखान्यातल्या यंत्राने तासल्याच्या बारीक समांतर रेघा असतात. जागा आरशासारखी गुळगुळीत असेल तर कोणीतरी जुना क्रमांक घासून नवा ठोकला असण्याचा संशय घ्यावा.

इंजिन बदललेलं असणं हा अपराध नाही. साठ वर्षांत, तेही तरुण पोरांनी सिग्नलपासून सिग्नलपर्यंत शर्यती लावलेल्या गाडीत, मूळ इंजिन टिकलं हेच नवल. फक्त भाव त्याप्रमाणे हवा.

कागद: गाडीचा सातबारा

जमीन घेताना सातबारा बघतो तसंच. पॉन्टिअ‍ॅकसाठी 'पीएचएस' नावाची संस्था कारखान्याच्या जुन्या नोंदींची प्रत देते. व्हिन कळवा, थोडे पैसे भरा, गाडी कोणत्या इंजिनासह, कोणत्या पर्यायांसह बाहेर पडली ते येतं. १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांसाठी 'मार्टी रिपोर्ट' मिळतो. क्राइस्लरच्या गाड्यांत बॉनेटखाली कोड कोरलेली पट्टी आणि सीटच्या स्प्रिंगमध्ये अडकवलेला कारखान्याचा कागद शोधतात. सगळ्यात पंचाईत अमेरिकेत विकलेल्या शेव्हरोलेची. कंपनीकडे गाडीनिहाय नोंद मिळत नाही, त्यामुळे पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेला 'बिल्ड शीट'चा (कारखान्यात गाडी जुळवताना वापरलेला) कागद किंवा पहिल्या मालकाची कागदपत्रं हाच आधार.

विक्रेत्याने हा अहवाल काढलेला नसेल तर इसार द्यायच्या आधी स्वतः काढा. आणि काढलेला असेल तरी मूळ प्रत मागा. फोटोकॉपीवर आकडे बदलणं किती सोपं आहे ते सांगायला नको.

विक्रेत्याकडची दुसरी जाड फाइल म्हणजे दुरुस्तीची बिलं. "माझे यात साठ हजार गेलेत." गेले असतील, बिचाऱ्याचे. बिलं काम झाल्याचा पुरावा आहेत, किमतीचा नाहीत. जुनी गाडी पूर्ण नव्यासारखी करायला जेवढा खर्च येतो तेवढा विकताना बहुतेक वेळा निघत नाही. म्हणूनच पहिली गाडी दुसऱ्याने आधीच खर्च केलेली घ्यावी, अर्धवट पडलेला 'प्रोजेक्ट' घेऊ नये.

पत्रा

इंजिन पुन्हा बांधता येतं. गिअरबॉक्स मिळतो. सडलेला पत्रा मात्र पैसे गिळत राहतो, आणि मिशिगनसारख्या ठिकाणी, जिथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ पसरतात, ही गोष्ट सगळ्यात आधी बघायची. अ‍ॅरिझोना किंवा कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत राहिलेल्या गाडीला इथे जादा भाव मिळतो तो यामुळेच.

माझी पहिली गाडी १९६९ ची शेव्हेल होती. काळं व्हाइनलचं छप्पर, लाल रंग, बघूनच भुललो. विक्रेत्याने "गंज नाही" म्हटलं आणि मी खाली वाकून फ्लोअर तेवढा तपासला. पहिल्या उन्हाळ्यात मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातून डिकीत पाणी यायला लागलं. व्हाइनल उचकटलं तेव्हा खालचा पत्रा पापडासारखा तुटला. व्हाइनलखाली ओल अडकते आणि पत्रा आतून खाते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दुरुस्तीचं बिल गाडीच्या किमतीच्या चौथाईइतकं आलं. तेव्हापासून व्हाइनल छताची गाडी बघताना मी बोटांनी काचेच्या कडेने चाचपत जातो. फुगवटा, करकर, मऊपणा, काहीही लागलं तर अंदाजात छप्पर धरूनच खर्च घालतो.

बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. मागच्या चाकांवरच्या पॅनलचा खालचा भाग. डिकीतलं जाजम उचलून खालचा पत्रा, आणि स्टेपनी ठेवायचा खड्डा. मागच्या काचेची खालची कड. पायाखालचा फ्लोअर, गाडीच्या आतून आणि जॅकवर चढवून बाहेरूनही. मस्टँगमध्ये वायपरखालची हवेची पेटी सडते: बादलीभर पाणी काचेच्या तळाशी ओता आणि डॅशबोर्डखाली हात लावून बघा, ओलं झालं तर समजा. जीटीओ आणि शेव्हेलला वेगळी फ्रेम असते, ती मागच्या चाकांच्या वरच्या वळणावर तपासा. मस्टँग, कमारो, प्लिमथ यांची रचना वेगळी, तिथे बॉडीला जोडलेले खालचे आडवे-उभे भाग सडले की काम मोठं.

चुंबक घेऊन जा. फ्रिजवर लावायचं मऊ, सपाट चुंबक मऊ कापडात गुंडाळून पॅनलवर फिरवा. जिथे ते पकडत नाही तिथे रंगाखाली पत्रा नाही, पुट्टी आहे. आपल्याकडचे पेंटर जिला लांबी म्हणतात तीच. त्याहून बरं म्हणजे रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र. कारखान्याचा मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. दुसऱ्यांदा रंगवलेली गाडी त्याच्या दुप्पट-अडीचपट दाखवेल, ते ठीक आहे. एखाद्या ठिकाणी आकडा एकदम हजाराच्या घरात गेला तर तिथे लांबी भरलेली आहे. मी एका कागदावर गाडीचं चित्र काढून प्रत्येक पॅनलवर आकडे लिहितो. विक्रेता बघत असतो, आणि तो कागद पुढे बोलणी करताना फार उपयोगी पडतो.

चालवून बघायचं फारसं लिहीत नाही, मेकॅनिक मित्र नेलात की झालं. एकच अट आधी घाला: इंजिन गार असू द्या. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर सुरू व्हायला काय त्रास देते ते लपवायला ती आधी फिरवून आणली असेल.

बाजारभाव कुठून काढायचा

जाहिरातीतल्या किमती बाजूला ठेवा. त्या विक्रेत्याच्या आशा आहेत. कोणीही न घेतलेली गाडी वर्षभर त्याच भावाने जाहिरातीत पडून असते, आणि नवखा माणूस त्यालाच बाजारभाव समजतो.

पहिला आधार हॅगर्टी या जुन्या गाड्यांच्या विमा कंपनीच्या किंमत-कोष्टकाचा. त्यात स्थितीचे चार वर्ग असतात. पहिला म्हणजे प्रदर्शनात बक्षीस मिळवणारी, दुसरा उत्कृष्ट, तिसरा चांगली पण बारीकसारीक दोष असलेली, चौथा वापरातली, दोष डोळ्यांना दिसतील अशी. बहुसंख्य गाड्या तिसऱ्यात किंवा तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये असतात. विक्रेता स्वतःची गाडी एक वर्ग वर सांगतोच, आईला आपलं पोर गोरंच वाटतं.

दुसरा आणि जास्त भरवशाचा आधार म्हणजे प्रत्यक्ष झालेल्या विक्री. 'ब्रिंग अ ट्रेलर' या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळावर झालेले व्यवहार फोटो आणि प्रश्नोत्तरांसह उघडे असतात, मेकम आणि बॅरेट-जॅक्सन या लिलाव कंपन्यांचे निकालही बघता येतात. गेल्या वर्षभरातल्या, तुमच्या गाडीशी वर्ष, इंजिन, गिअरबॉक्स आणि टप जुळणाऱ्या निदान सहा विक्री शोधा. सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची खोडा. उरलेल्यांचा मधला आकडा घ्या.

इथे दोन बारकावे. लिलावात बोलीवर खरेदीदाराकडून जादा टक्केवारी घेतात, प्रत्यक्ष लिलावात ती साधारण १० टक्के असते. म्हणजे ४०,००० ला बोली थांबली तर घेणाऱ्याचे गेले ४४,०००, आणि विकणाऱ्याला त्याचं कमिशन कापून ४०,००० पेक्षाही कमी मिळाले. छापलेला आकडा यांतला कोणता आहे ते बघा. घरून, थेट मालकाकडून घेताना दोघांचीही टक्केवारी वाचते, त्यामुळे योग्य भाव या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी पडतो. दुसरा बारकावा: 'विकली गेली नाही' अशा गाड्यांची शेवटची बोलीही टिपून ठेवा. मालकाने नाकारली असली तरी तेवढे द्यायला त्या दिवशी बाजारात कोणीतरी तयार होतं. जानेवारीत अ‍ॅरिझोनातल्या स्कॉट्सडेलला टीव्हीच्या दिव्यांखाली दोन हट्टी माणसांनी चढवलेली बोली मात्र मी हिशेबात धरत नाही.

आता हिशेब

फोनवरच्या त्या मित्राच्या गाडीकडे येऊ. आकडे समजण्यापुरते घेतलेत, तुमच्या दिवशीचे तुम्ही काढा.

१९६८ जीटीओ, बंद टप, ४०० इंजिन, ऑटोमॅटिक. मागणी ३२,०००. व्हिन २४२, पीएचएसचा कागद काढला, गाडी खरी जीटीओ. समजा तिसऱ्या वर्गातल्या अशा गाडीचा विक्रीवरून काढलेला मधला आकडा ३८,००० आहे. मित्र खूश: सहा हजार स्वस्त!

पण ब्लॉकवर क्रमांक जुळला नाही. इंजिन ४०० च आहे, पण दुसऱ्या गाडीचं. यासाठी मी १५ ते २० टक्के वजा करतो. २० टक्के धरले तर ७,६०० गेले, राहिले ३०,४००. कागदावर मूळ रंग हिरवा, गाडी आता लाल. रंग बदलल्याचे ५ टक्के, म्हणजे १,९००. राहिले २८,५००.

मग पत्रा. डिकीचा फ्लोअर आणि मागच्या पॅनलांचे खालचे भाग, बॉडी शॉपचा अंदाज ५,५००. टायर दिसायला नवे पण बाजूवरच्या कोडप्रमाणे बारा वर्षांचे, बदलायला ९००. ब्रेक आणि पुढच्या सस्पेन्शनचे बुश १,६००. एकूण ८,०००. राहिले २०,५००.

इथे नवखे खरेदीदार उलट्या बाजूला चुकतात. सीटला एक चीर, क्रोमवर बारीक ठिपके, घड्याळ बंद, असं सगळं तेही वजा करत बसतात. तिसरा वर्ग म्हणजेच बारीक दोष असलेली गाडी, त्यांची वजावट ३८,००० या आकड्यात आधीच झालेली आहे. गाडी तिसऱ्या वर्गात बसण्यासाठी जे करावंच लागेल, तेवढंच वजा करायचं. नाहीतर विक्रेता तुम्हाला दारातूनच परत पाठवेल, आणि त्याचं बरोबर असेल.

तर बोली २०,५०० पासून, आणि वर २३,००० ला थांबायचं. थांबायचा आकडा घरून निघतानाच कागदावर लिहून खिशात ठेवा. इंजिन सुरू झाल्यावर, ती गुरगुर ऐकल्यावर, डोकं ठिकाणावर राहत नाही, हे मी अनुभवाने सांगतोय.

खिशातून जाणारे पैसे इथेच संपत नाहीत. मिशिगनमध्ये खासगी खरेदीवरही ६ टक्के कर आहे. गाडी दूरच्या राज्यातून आणायची तर ट्रकचं भाडं. विमा 'ठरलेल्या किमतीचा' घ्या, म्हणजे अपघातात गाडी गेली तर कंपनी घासारा धरून नव्हे, करारात लिहिलेली रक्कम देते. आणि पहिल्या वर्षासाठी किमतीच्या दहाव्या हिश्शाएवढी रक्कम वेगळी काढून ठेवा. काहीतरी निघतंच.

बोलणी

आपल्या जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो, बाकीच्यांना भाव कळत नाही. इथे उलट: सगळं उघडपणे मांडलं तर सौदा सोपा होतो. गाडीत खोट काढून म्हाताऱ्या मालकाचा अपमान करू नका. पन्नास वर्षं सांभाळलेली वस्तू आहे ती. जाडीचे आकडे लिहिलेला कागद, बॉडी शॉपचा अंदाज आणि सहा विक्रींची यादी त्याच्यासमोर ठेवा, आणि आपला आकडा एकदाच सांगा. "मला हे असं दिसतंय, तुम्हाला वेगळं दिसत असेल तर सांगा." बऱ्याचदा तो असं काही सांगतो जे तुमच्या हिशेबात नव्हतं. मूळ इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडलेलं असणं, हे मी स्वतः एकदा बघितलंय. तसं असेल तर इंजिनाची वजावट जवळजवळ सगळी परत द्या, आणि ते इंजिन गाडीबरोबर मिळेल हे लिहून घ्या.

वेळेचाही फायदा घ्या. एप्रिल-मेमध्ये सगळ्यांना गाडी हवी असते. ऑक्टोबर संपत आला की उत्तरेकडच्या मालकापुढे हिवाळाभर गाडी कुठे ठेवायची हा प्रश्न उभा राहतो. मी माझी जीटीओ पहिल्या बर्फाच्या आदल्या आठवड्यात घेतली.

गाडी दुसऱ्या राज्यात असेल आणि जाता येत नसेल तर तिथला स्वतंत्र तपासनीस नेमा, विक्रेत्याने सुचवलेला नको. आणि शेवटचं काम चेक देण्याच्या मिनिटाला: टायटल (मालकीचा सरकारी कागद) हातात घ्या आणि त्यावरचा व्हिन डॅशबोर्डवरच्या व्हिनशी एकेक आकडा मोठ्याने वाचत ताडा. टायटलवर विक्रेत्याचंच नाव आहे का, बँकेचा बोजा नोंदलेला नाही ना, तेही बघा. न्यूयॉर्कसारख्या राज्यात १९७२ पर्यंतच्या गाड्यांना टायटल नसतंच, तिथे नोंदणीपत्र चालतं. तुमच्या राज्यात ते घेतात का, हे आदल्या दिवशीच कार्यालयात विचारून ठेवा. एक आकडा जरी चुकला तरी चेक खिशात ठेवून घरी या. विक्रेता प्रामाणिक असेल तर तो कागद दुरुस्त करून पुढच्या आठवड्यात स्वतःच फोन करेल.